साखर, सुई आणि तालुक्याचा भूगोल

मी भूगोलाचे एक पुस्तक लिहिले आहे. हे वाक्य मी सहसा कोणापुढे बोलत नाही. सावद्याच्या बाजारात एखादा अनोळखी माणूस जवळ येऊन, "मास्तर, तालुक्याचा भूगोल तुम्हीच लिहिला ना?" असे विचारू लागला, की मी आधी तो कोणत्या गावचा ते विचारून घेतो आणि मग पुस्तक मी लिहिले की नाही ते ठरवतो.

मुळात हे काम मी मागितले नव्हते. पेन्शनीत निघालेल्या मास्तरांना लोक दोन प्रकारची कामे सांगतात, लग्नाच्या याद्या आणि मृत्यूचे तपशील. मला तिसऱ्या प्रकारचे मिळाले. एका सकाळी शाळाखात्याचे डेप्युटी साहेब स्वतः आमच्या ओट्यावर आले आणि म्हणाले, "बोंडे मास्तर, तिसरीच्या मुलांना आपल्या तालुक्याची माहिती देईल असे छोटे पुस्तक हवे आहे. डोंगर, नद्या, गावे, लोकसंख्या. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?"

'तुमच्याशिवाय कोण' याचा अर्थ बाकी सगळ्यांनी नकार दिला आहे, हा संशय मला तेव्हाच आला होता. पण साहेबांनी पुढे असे काही सांगितले, की संशय मागे पडला. आधी एक तात्पुरती आवृत्ती निघणार होती, तिच्यावर लेखकाचे नाव नसणार. दिवाळीपर्यंत एकही तक्रार आली नाही, तर पक्की आवृत्ती निघणार आणि तिच्या मुखपृष्ठावर माझे नाव छापले जाणार.

मी जन्मभर पुस्तके वाचली. पुस्तक हातात आले, की मी आधी लेखकाचे नाव वाचतो, मग शीर्षक, आणि मग त्या नावाच्या जागी दुसरे एक नाव कसे दिसेल याचा विचार करतो. माझे स्वतःचे नाव छापलेले मी कधीच पाहिले नव्हते. माझ्या लग्नाची पत्रिकासुद्धा छापली नव्हती, वडिलांनी आमंत्रणे तोंडी दिली. त्यामुळे मी साहेबांना 'बघतो' असे म्हणालो खरा, पण ते गल्लीच्या वळणावर दिसेनासे होण्याआधीच मी दौत काढली होती.

भूगोलाचा अर्धा भाग फार सोपा निघाला. उत्तरेकडे पाहिले, की सातपुडा असतो. दक्षिणेकडे गेले, की तापी असते. सुकी नदी आपल्या नावाप्रमाणे वागते. काळी जमीन, केळी, कापूस, ज्वारी. डोंगर आणि नद्या कोणाला पाहून लपत नाहीत, 'तुम्ही कोणत्या खात्याचे' असे विचारत नाहीत. तेवढ्यावरच थांबलो असतो तर आज ताठ मानेने बाजारात हिंडलो असतो. पण साहेबांना लोकसंख्या हवी होती. मागची शिरगणती दहा वर्षांची जुनी, पुढची अजून व्हायची.

प्रथम मी कचेरीत गेलो. दारात धनसिंग नावाचा शिपाई बसला होता. तो शिरपूरकडचा. म्हणाला, "साहेब नही शे. बठ्ठा जेवाले गयात." मी सावलीत थांबलो. बठ्ठे, म्हणजे सगळे, जेवून आले. कारकुनाने माझे म्हणणे फार आपुलकीने ऐकले आणि तो म्हणाला, "जुना आकडा मिळेल की. अर्ज करा. कोणत्या गावाचा कोणता आकडा हवा ते अर्जात नीट लिहा."

"आकडाच तर मला माहीत नाही."

"मग शोधायचा कसा? आमच्याकडे आकडे पुष्कळ आहेत, मास्तर. तुमचा कोणता हे तुम्हीच सांगायला हवे." थोडा विचार करून तो पुढे म्हणाला, "नाहीतर थांबा ना वर्षभर. नवी शिरगणती होईल."

मी त्याला माझे वय सांगितले. तो म्हणाला, हेही अर्जात लिहा.

आमचे शेजारी भाईदास यांचे कापडाचे दुकान आहे. गिऱ्हाईक नसले, की ते सल्ला देतात, आणि त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक क्वचितच असते. ते म्हणाले, "मास्तर, कचेरीच्या नादी लागू नका. स्वतः जा आणि मोजा. गाव म्हणजे काय, घरे आणि माणसे. मात्र असे धोतर-सदऱ्यात जाऊ नका. काळा कोट घाला, हातात चामडी पिशवी घ्या. माणूस अधिकारी दिसला, की लोक खरे बोलतात."

त्यांनी स्वतःचा कोट दिला. तो घालून मी आरशापुढे उभा राहिलो. सुनंदाबाई, म्हणजे आमचे कुटुंब, माझ्याकडे पाहून म्हणाली, "अधिकारी नाही दिसत. कोणाची तरी माती देऊन परत आल्यासारखे दिसता."

हे बोलणे मी मनाला लावून घ्यायला हवे होते.

पहिले गाव आमोदखेडे. सुकीच्या अलीकडे, चहूबाजूंनी केळीच्या बागा. तिथला पोलीस पाटील जीवराम हा माझाच विद्यार्थी. तो चावडीपाशी उभा होता. मला पाहून पुढे आला, वाकून नमस्कार केला, मग कोटाकडे पाहिले, पिशवीकडे पाहिले आणि दोन पावले मागे सरला.

"गुरुजी, काहून येनं केलं?"

"गावातली माणसे मोजायची आहेत."

जीवरामने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "मले तेवढं सांगा, गुरुजी. साखर का सुई?"

हा प्रश्न मला तेव्हा कळला नाही. पुढे इतका कळला, की झोपेत ऐकू येऊ लागला. त्याचे असे आहे. आमच्या भागात सरकारचा माणूस दोन कारणांनी माणसे मोजायला येई. एक रेशनची साखर ठरवायला, आणि दुसरे देवी टोचायला. साखरेचा माणूस आला, तर घरात जितकी माणसे दाखवावीत तितकी थोडी. देवी डॉक्टर आला, तर घरात दाखवायला दोन म्हातारी माणसे फार झाली. पोरे शेतात, आया पोरांमागे. त्यामुळे 'तुमच्या घरी माणसे किती?' या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नसते, उलट प्रश्न असतो. यात कोणी खोटे बोलतो असे कोणालाच वाटत नाही. पाहुणा बघून पाणी गरम करावे की गार द्यावे, तसाच हा प्रकार.

मी प्रामाणिकपणे म्हणालो, "भूगोल."

"भूगोल म्हंजे कोनतं खातं?"

"खाते नाही रे. तुला शिकवला होता ना तिसरीत?"

"तवा त्यात टोचत नव्हते," जीवराम म्हणाला आणि त्याने मागच्या माणसाला डोळ्याने काहीतरी खुणावले.

मी गावात शिरलो तेव्हा गाव निम्मे झाले होते आणि मी चालू लागलो तसे आणखी आटत गेले. माझ्यापुढे दारे लागत होती, मागे उघडत होती. मला उघड ऐकू येईल अशा आवाजात एकजण म्हणाला, "पाहा, ओळखीचा माणूस धाडला. खातं हुशार झालं." दुसरा म्हणाला, "पिशवी बघ. त्यातच असतीन सुया." पिशवीत सुनंदाबाईने दिलेली भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता. ती उघडून दाखवावी असे मला वाटले, पण भर रस्त्यात स्वतःची भाकरी उघडून दाखवणे मला जमले नाही. माझ्या आयुष्यातली सगळी नुकसाने अशा न उघडलेल्या पिशव्यांनी झाली आहेत.

एका ओट्यावर बेबाबाई नावाची म्हातारी कापूस निवडत बसली होती. विधवा बाई, या गावातल्या लेकीकडे राहणारी. मी विचारले, "अक्का, घरात कोण कोण?"

"मी अन् मांजर."

"लेक, जावई, नातवंडे?"

"गेले."

मी दचकलो. "कुठे गेले?"

"ते मले काय माहीत? सकाळी होते."

तेवढ्यात ओट्यामागच्या केळीच्या बागेतून खोकल्याचा आवाज आला. मग शिंक. मग कोणीतरी कोणाला तरी दाबून गप्प केल्याचा आवाज. मी बेबाबाईकडे पाहिले. ती शांतपणे म्हणाली, "केळीचं पान वाजतं वाऱ्यानं."

वारा नव्हता. पण समोरची बाई तुमच्या आईच्या वयाची दिसत असली, की तुम्ही वारा मान्य करता. मी वहीत लिहिले: आमोदखेडे, वस्ती विरळ, लोक बहुतेक वृद्ध. आकडा शंभराच्या आतच राहिला.

दुसरे गाव निंबदेवळी, सुकीच्या पलीकडे, आमोदखेड्याच्या अगदी समोर. एका गावात कोंबडा आरवला, की दुसऱ्या गावात माणूस उठतो इतके जवळ, आणि म्हणून दोन्ही गावांचे एकमेकांशी कधी पटत नाही. आमोदखेड्याची हकीकत मी भाईदासांना सांगितली ही माझी दुसरी चूक. त्यांनी मला मदत करायची म्हणून निंबदेवळीच्या गाडीवाल्यांबरोबर परस्पर निरोप धाडला: मास्तर येत आहेत, ते सुईचे नाहीत, घाबरू नका.

सुईचे नाहीत, म्हणजे कशाचे, हे निंबदेवळीने स्वतःच ठरवले.

मी नदी ओलांडली तेव्हा गावाचे पुढारी अभिमन आबा हार घेऊन उभे होते. लग्नातला सोडला, तर आयुष्यात मला हार पडला तो हा पहिला. माणूस हाराने किती मूर्ख होतो हे मी त्या दिवशी शिकलो. घराघरांत माणसे उभी, बसलेली, माळ्यावरून खाली पाहत असलेली. एकेका घरात इतकी माणसे, की ती रात्री झोपत कशी असतील असा प्रश्न मला पडला. तो मी विचारला नाही, कारण गळ्यात हार होता.

पहिल्या घरात एका बाईच्या कडेवर एक मूल होते, गालावर मोठी काळी तीट, एका पायात वाळा. मी मोजले. दुसऱ्या घरात दुसऱ्या बाईच्या कडेवर तीच तीट, तोच एक वाळा.

"हे मूल मघाशी…" मी चाचरत म्हणालो.

"जुळं हाये," अभिमन आबा म्हणाले.

तिसऱ्या घरात मी काही बोलायच्या आतच ते मूल माझ्याकडे पाहून ओळखीचे हसले. मी आबांकडे पाहिले.

"हेही त्याच जुळ्यातलं," आबा म्हणाले.

मी मोजले. निंबदेवळीचा आकडा हजाराच्या वर गेला. वहीत लिहिले: मोठे व भरभराटीचे गाव, मुलांचे प्रमाण विशेष.

मला संशय आला नव्हता असे नाही. मला नेहमीच संशय येतो. माझी अडचण अशी, की दुसऱ्याचा संशय आला, की पाठोपाठ स्वतःचाही येतो. वाटते, आपल्यालाच दिसत नसेल नीट. कदाचित तिळीही असतील. तिळ्यांना एकेकच वाळा घालण्याची त्यांच्याकडे पद्धत असेल. मास्तरकी करून माणसाला खात्री फक्त पाढ्यांची राहते.

शेवटी राहिला सातपुड्याच्या पायथ्याचा काळाखडक पाडा. तिथे मी कोट न घालता गेलो, म्हणून निदान पळापळ झाली नाही. रुपसिंग नावाचा मध्यम वयाचा माणूस झोपडीपुढे मोहाची फुले वाळत घालत होता. त्याने मला बसायला बाज दिली, पाणी दिले.

"पाड्याची माहिती हवी," मी म्हणालो.

"कोणता पाडा?"

"हाच. काळाखडक."

"असा पाडा नाय," रुपसिंग म्हणाला.

मी आजूबाजूला पाहिले. झोपड्या होत्या. कोंबड्या होत्या. एक बाई दळत होती. "मग हे काय आहे?"

"हे हाये. पण पाडा नाय." त्याने फुले पसरवीत मला समजावले, आणि त्याच्या समजावण्यात माझ्याबद्दल किंचित कीव होती. "जंगलवाल्यांच्या नकाशात पाडा नाय, मास्तर. नाय तो पाडा उठवता येत नाय. तू कागदावर लिवला, की पाडा झाला. मग पावसाळ्याआधी येतील उठवायला."

"मी शाळेच्या पुस्तकात लिहिणार आहे. जंगलखाते ते कशाला वाचेल?"

"तुझं पुस्तक कोण वाचल ते तुला ठावं हाये?"

मला ठाऊक नव्हते. कोणत्याही लेखकाला नसते. मी वही मिटली, आणि तालुक्याच्या उत्तर सीमेवर 'दाट जंगल' असे लिहिले. नंतर रुपसिंगने मला मूठभर चारोळी दिली. इतक्या भटकंतीत पाडा नाही हे सांगणाराच मला खरे बोलणारा भेटला असे वाटते. पण याचीही मी शपथ घेणार नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी तात्पुरती आवृत्ती जळगावहून छापून आली. पिवळट कागद, शाईचा वास, मुखपृष्ठावर खाली कोरी जागा. त्या कोऱ्या जागेवर मी बोट ठेवून पाहिले. पुरेशी होती. बाजाराच्या दिवशी रुपसिंग डिंक विकायला आला, तो माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "वाच." मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले. संपल्यावर तो म्हणाला, "आमचा पाडा कुठं आला?"

"आला नाही."

"चांगलं लिवलंय," तो म्हणाला आणि उठून गेला. हे माझ्या पुस्तकाचे पहिले परीक्षण, आणि चांगले म्हणावे असे एकुलते एक.

त्यानंतर मी दिवाळीची वाट पाहू लागलो. तक्रार येऊ नये म्हणून मी शक्यतो कोणाशी बोलत नसे. पण पुस्तक शाळांत गेले होते, आणि मुले भूगोल मनात वाचत नाहीत, ओरडून वाचतात, हे मी जन्मभर मास्तरकी करूनही विसरलो होतो.

आमोदखेड्याच्या जीवराम पाटलाच्या थोरल्या मुलाला बोदवडकडचे पाहुणे बघायला आले. सोयरीक जवळजवळ ठरली होती. पाहुणे चहा घेत असताना ओसरीवर पाटलाचा धाकटा मुलगा धडा पाठ करत होता: "आमोदखेडे. वस्ती विरळ. लोक बहुतेक वृद्ध." पाहुण्यांनी बशी खाली ठेवली. मुलीच्या बापाने नवऱ्या मुलाकडे पुन्हा एकदा नीट पाहिले आणि विचारले, "पाटील, मुलाचं खरं वय काय?" सोयरीक तिथेच थांबली. एवढ्यावर भागले नाही. पुरवठ्याच्या कचेरीत कोणीतरी माझे पुस्तक नेले आणि आमोदखेड्याची साखर पुस्तकाप्रमाणे कमी झाली.

निंबदेवळीकडे मात्र देवी डॉक्टर गेला. त्याच्या एका हातात पेटी आणि दुसऱ्या हातात माझे पुस्तक. 'मुलांचे प्रमाण विशेष' या ओळीखाली त्याने रेघ मारली होती. जी मुले होती ती त्याने टोचली, आणि उरलेली कुठे आहेत म्हणून तो गावात मुक्कामच ठोकून बसला. त्या तिटेच्या मुलाला तो तीनदा टोचायला निघाला होता असे म्हणतात. लोक काहीही म्हणतात, पण मला ते खरे वाटते.

दिवाळीच्या आत दोन्ही गावांच्या तक्रारी डेप्युटी साहेबांकडे गेल्या. साहेबांचा निरोप आला: 'स्वतः चौकशीस येत आहे. पक्क्या आवृत्तीबाबत फेरविचार होईल.' मी ते पत्र सुनंदाबाईला दाखवले नाही. तिने ते आधीच वाचले होते.

साहेबांच्या आधी गावे आली. थंडीचे दिवस होते. सकाळी मी ओट्यावर बसलो असताना गल्लीच्या तोंडाशी बैलगाडी वळली, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे आणखी. आमोदखेडे येत होते. सगळे. गडी, बाया, म्हाताऱ्या, तान्ही पोरे, माहेरी आलेल्या लेकी. पहिल्या गाडीतून जीवराम उतरला. त्याने नमस्कार केला, पण तो वाकला नाही.

"गुरुजी, आम्ही काय मेलो का?"

"तसे नाही रे…"

"तुमच्या पुस्तकानं माह्या पोराचं लगन अडकवलं. हे घ्या गाव. मोजा. एक एक माणूस मोजा, अन् नवीन छापा."

भाईदास दुकान उघडे टाकून आले आणि कानात म्हणाले, "मास्तर, मोजून टाका. साहेब यायच्या आत आकडा दुरुस्त झाला, तर तक्रार उरतेच कुठे? तुमचे नाव वाचले." मला मनापासून पटलेला भाईदासांचा हा पहिलाच सल्ला. मी ओट्याच्या कडेवर उभा राहिलो, बोट पुढे केले आणि म्हणालो, "एक…"

"ए मास्तर!" बेबाबाई गाडीतूनच ओरडली. "जित्या माणसाकडं बोट दाखवून मोजतं का कोनी? लेकरं खुडायची हायेत का?"

सगळ्या बाया कलकलल्या. बरोबरच होते. आमच्याकडे जिवंत माणसे बोटाने मोजत नाहीत, नजर लागते. मी बोट खिशात घातले. "मग मोजायचे कसे, अक्का?"

"गावजेवनात कसं मोजता? पानं मोजता ना? पानं मोज."

गाड्यांत केळीची पाने होतीच. केळीच्या मुलखातला माणूस गाडी जोडतो तेव्हा त्याच्याही नकळत पाने भरतो. पाहता पाहता गल्लीत दोन्ही बाजूंनी पाने मांडली गेली आणि एकेका पानावर एकेक माणूस बसला. मी मोजायला सुरुवात करणार, तोच आतून सुनंदाबाई दारात आली. तिने गल्लीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"अहो, हे पानांवर बसलेत."

"मोजण्यापुरते."

"पानावर बसलेला माणूस उपाशी उठतो का कधी?"

मी जीवरामकडे पाहिले. त्याने मान खाली घातली, पण उठला नाही. कोणीच उठले नाही. उठता येतच नव्हते. माणसे मोजायला म्हणून बसली होती आणि पानाने त्यांना धरून ठेवले होते. एक सबंध गाव माझ्या दारी यजमानाची वाट पाहत होते, आणि यजमान मी होतो.

पुढचे सगळे माझ्या हातून गेले. गाड्यांतून पीठ निघाले, डाळ निघाली, वांगी निघाली, कारण बाजाराचा दिवस होता आणि गाड्या रिकाम्या निघाल्या नव्हत्या. भाईदासांनी दुकानातली नवी चादर पिठाखाली अंथरली आणि नंतर महिनाभर ते मला तिची आठवण देत राहिले. तिठ्यावर चुली मांडल्या. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची भाजी रटरटू लागली. सुनंदाबाईने कोणाशीही न बोलता पदर खोचला. ती अशी गप्प राहून काम करते तेव्हा मी घरात जात नाही.

आणि तेवढ्यात पलीकडून निंबदेवळी आली. आमोदखेडे मास्तरांच्या दारी जेवते आहे, ही बातमी त्यांना नदीपलीकडे वासावरूनच कळली असावी. अभिमन आबा म्हणाले, "त्यांना मोजता अन् आम्हाला नाही? ह्या बारीला जुळे एकदाच आणले हाये. मोजा." त्यांच्या गाड्यांतही पाने होती.

यजमानाने प्रत्येक पानावर पहिल्यांदा मीठ वाढायचे असते. मी मिठाचा वाडगा घेतला आणि पंगतीतून वाकत वाकत निघालो. एक चिमूट, एक माणूस. प्रत्येक पानापाशी वाकल्यावर समोरच्याचा चेहरा दिसत होता. केळीच्या बागेत खोकणारी पोरे होती, माळ्यावरून पाहणारे गडी होते. संकोचाने मी माझ्या विद्यार्थ्यांकडेसुद्धा कधी इतक्या जवळून पाहिले नव्हते. ओणव्याने पाठ धरली, पण आकडा मी धरून ठेवला. आमोदखेडे चारशेच्या थोडे वर, निंबदेवळी चारशेच्या थोडे खाली. इतकी वर्षे एकमेकांशी भांडणारी ही दोन गावे अंगाने जवळजवळ सारखीच होती. हे कळल्यावर दोन्ही गावांना फार वाईट वाटले.

निंबदेवळीच्या पंगतीत अर्ध्यावर गेलो, तर पानावर बेबाबाई.

"अक्का, तुम्ही मघाशी आमोदखेड्यात बसला होतात."

"माही धाकटी लेक ह्या गावात दिली हाये, मास्तर," ती कुजबुजली. "तठी मोजलं अन् अठी नाही मोजलं, तर हिनं काय समजावं? दोन लेकी. मी एक कशी पुरू?"

मी पंगतीकडे पाहिले. पुढची माणसे मिठाची वाट पाहत होती. मी वाढले.

आणखी चार पानांपुढे डेप्युटी साहेब बसले होते. ते चौकशीला आले होते, आणि कोणाच्या तरी आग्रहाने आधी हात धुवून बसले होते. मी दचकून थांबलो. साहेब म्हणाले, "वाढा, मास्तर. पानावर बसल्यावर चौकशी करू नये." मी वाढले, आणि वाकून वाकून मेंदू इतका थकला होता, की त्यांचीही चिमूट निंबदेवळीत धरली गेली. ती नंतर वजा केली की नाही, हे मला आजही आठवत नाही. बेबाबाईचे तर मी वजा करण्याचा विचारच केला नाही.

जेवून साहेबांनी दोन्ही गावांच्या पुढाऱ्यांना विचारले, "तक्रार?" अभिमन आबांचे तोंड भरलेले होते. जीवराम म्हणाला, "आकडा बदलला, तर तक्रार नाही." बोदवडच्या पाहुण्यांनाही त्याने मोजणी बघायला म्हणून त्या दिवशी बोलावून घेतले होते. मुलीच्या बापाने गल्लीभर पसरलेले तरुण आमोदखेडे स्वतः पाहिले आणि दुसरी बट्टी मागून घेतली.

तरी पक्की आवृत्ती निघाली नाही. साहेब म्हणाले, हजार प्रती पडून आहेत, त्या फेकता येत नाहीत. प्रत्येक प्रतीत एक शुद्धिपत्र चिकटवू. मुखपृष्ठावरच्या कोऱ्या जागेचा मी विषय काढला नाही. मला विषय काढता येत नाहीत.

शुद्धिपत्र छापून आले. 'आमोदखेडे: "वस्ती विरळ, लोक बहुतेक वृद्ध" याऐवजी "भरल्या वस्तीचे गाव" असे वाचावे. निंबदेवळी: "मुलांचे प्रमाण विशेष" हे शब्द गाळावेत.' मग दोन्ही आकडे. आणि अगदी तळाशी, चुकांची जबाबदारी खात्यावर येऊ नये म्हणून साहेबांनी घातलेली एक ओळ: 'वरील चुकांस जबाबदार: तोताराम विठोबा बोंडे, सावदे.'

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. टाइप चांगला ठळक होता. कानामात्रेची एकही चूक नव्हती. जीवरामने आपल्या गावचे शुद्धिपत्र चावडीत काचेत लावले. ते कळताच निंबदेवळीने आपले काचेत लावले, पण किंचित मोठ्या काचेत. पुस्तकावर ज्याचे नाव आले नाही, त्याचे नाव अशा रीतीने दोन चावड्यांत लागले. यात माझा गौरव आहे की ओळख पटवण्याची सोय, याचा मला अजून संशय आहे.

एक प्रत मी सुनंदाबाईपुढे ठेवली. तिने पदराने हात पुसले, कागद उजेडाकडे धरला, माझे नाव बोटाखाली धरून सावकाश वाचले आणि म्हणाली,

"जबाबदार म्हणून तुमचे नाव छापले? साहेबांनी मला विचारायला हवे होते."

आणि तो कागद तिने देवघरात, पंचांगाच्या वर ठेवला.